चाहत्याची निष्ठा आणि पैजेचा हिशेब

कुंभकोणम : एप्रिल २०१८ मध्ये कावेरीच्या पाणीवाटपावरून तामिळनाडूत आंदोलन पेटले, तेव्हा चेन्नई सुपर किंग्ज संघाला आपले घरचे सामने चेन्नईत खेळणे अशक्य झाले. १० एप्रिलचा सामना कडक बंदोबस्तात कसाबसा पार पडला आणि उर्वरित सामने पुण्याजवळील गहुंजेच्या मैदानावर हलविण्यात आले. त्यानंतर सुमारे एक हजार चाहते पिवळ्या जर्सी घालून विशेष रेल्वेगाडीने चेन्नईहून पुण्याला आले. २० एप्रिल रोजी राजस्थान रॉयल्सविरुद्धचा सामना त्यांनी परक्या शहरात आपल्याच अंगणात असल्याच्या थाटात साजरा केला. त्या वर्षीचे विजेतेपदही चेन्नईनेच पटकावले.

ज्या कावेरीमुळे हे सामने महाराष्ट्रात आले, तिच्याच त्रिभुज प्रदेशात तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम हे शहर वसले आहे. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये येथेच झाला. तंजावरच्या मराठी राजवटीमुळे मराठी वाचकाला हा परिसर अपरिचित नाही. शेतीला पाणी नसताना क्रिकेटचा उत्सव कशासाठी, असा आंदोलकांचा प्रश्न होता. त्या प्रश्नात तथ्य होते आणि रेल्वेतून निघालेल्या चाहत्यांचे प्रेमही खोटे नव्हते. ज्या घरातील वडील पाण्यासाठी रस्त्यावर उतरले असतील, त्याच घरातील मुलगा रात्री मोबाइलवर सामना पाहत बसला असेल.

चाहत्याच्या या निष्ठेची किंमत कोण ठरवतो आणि ती कोणाच्या खिशातून वसूल होते, हा प्रश्न आज नव्याने ऐरणीवर आला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घातली. या कायद्याला आव्हान देणाऱ्या विविध उच्च न्यायालयांतील याचिका सर्वोच्च न्यायालयाकडे वर्ग करण्यात आल्या. निर्णय कोणत्याही बाजूने लागला, तरी खेळ आणि पैज यांच्यातील आर्थिक नाते कसे असावे, हे भारताला ठरवावेच लागेल. या बाबतीत ऑस्ट्रेलियातील रग्बी लीगचा अनुभव बोलका आहे. पैजेच्या पैशात खेळ स्वतःच भागीदार झाला की, चाहत्याचे रक्षण करणारा कोणी उरत नाही, असे तो अनुभव सांगतो.

मैदान दूर, मोबाइल जवळ

कुंभकोणम ते चेन्नई हे अंतर सुमारे ३०० किलोमीटर आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या तामिळनाडू प्रीमियर लीगमध्ये तिरुचिरापल्ली, दिंडीगल, मदुराई, सेलम, तिरुपूर अशा शहरांच्या नावांचे संघ आले. परंतु कुंभकोणम वा तंजावरच्या नावाचा संघ नाही. येथील बहुसंख्य चाहत्यांची निष्ठा पडद्यावरूनच जोपासली जाते. ही स्थिती एकट्या कुंभकोणमची नाही. सांगली, परभणी वा बेळगाव येथील तरुणही आपला संघ मैदानात क्वचितच पाहू शकतो.

मैदान जेथे पोहोचत नाही, तेथे गेल्या दशकात ‘फँटसी’ खेळांची अॅप पोहोचली. प्रत्यक्ष सामन्यातील खेळाडूंमधून स्वतःचा संघ निवडायचा, प्रवेशशुल्क भरायचे आणि खेळाडूंच्या कामगिरीवरून मिळणाऱ्या गुणांवर बक्षीस जिंकायचे, अशी ही रचना होती. सामन्याशी आपला काही संबंध आहे, ही भावना तिने दूरच्या चाहत्याला दिली. त्या भावनेचे मोल चाहत्याने प्रवेशशुल्काच्या रूपाने मोजले. प्रत्येक स्पर्धेत जमा रकमेतील ठरावीक वाटा कंपनी आपल्याकडे ठेवत असे आणि उरलेली रक्कम खेळणाऱ्यांत वाटली जात असे. त्यामुळे सर्व खेळणाऱ्यांची गोळाबेरीज नेहमी तोट्याचीच राहत असे.

श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण आणि शिक्षण ज्या शहरात झाले, तेथे हा हिशेब मांडून पाहणे अप्रस्तुत ठरू नये. दोन संघ तुल्यबळ आहेत असे धरू. न्याय्य पैजेत १०० रुपये लावून जिंकणाऱ्याला २०० रुपये मिळायला हवेत. सट्टा घेणारी कंपनी मात्र १९० रुपये देते. याचा अर्थ प्रत्येक १०० रुपयांमागे सरासरी पाच रुपये कंपनीकडे राहतात. पाच टक्के हा आकडा किरकोळ भासतो. परंतु खेळणारा एकदा खेळून थांबत नाही. हाती आलेली रक्कम तो पुन्हा लावतो. एक हजार रुपये अशा रीतीने दहा वेळा फिरविले, तर सरासरीने त्यांतील सुमारे सहाशेच उरतात. कोणी फसवणूक केलेली नसते, सामना निश्चित केलेला नसतो, तरीही चारशे रुपये गेलेले असतात. एखादा जिंकतो आणि त्याचेच छायाचित्र जाहिरातीत झळकते.

चाहत्याच्या बाबतीत यात आणखी एक भर पडते. तो थंड डोक्याने शक्यता तपासत नाही, आपल्या संघावर विश्वास ठेवतो. हीच श्रद्धा त्याला रेल्वेतून पुण्याला नेते आणि हीच त्याला हरणाऱ्या संघावर पैसे लावायला भाग पाडते. म्हणूनच सट्ट्याच्या व्यवसायाला तटस्थ प्रेक्षकापेक्षा निष्ठावान चाहता अधिक हवासा वाटतो.

कामगारांचा खेळ

रग्बी लीगच्या जन्माची कथा या संदर्भात विलक्षण आहे. उत्तर इंग्लंडमधील खाणकामगार आणि गिरणीकामगार शनिवारी रग्बी खेळत. सामन्यासाठी काम बुडाले की मजुरी बुडत असे. ती भरपाई मिळावी, ही मागणी तत्कालीन रग्बी नियामकांनी फेटाळली. त्यामुळे १८९५ मध्ये हडर्सफील्ड येथे उत्तरेकडील क्लबांनी वेगळी चूल मांडली. त्यातूनच पुढे तेरा खेळाडूंचा रग्बी लीग हा स्वतंत्र खेळ उभा राहिला. १९०८ मध्ये तो सिडनीत रुजला आणि तेथील श्रमिक वस्त्यांचा खेळ बनला. साउथ सिडनी, बालमेन, न्यूटाउन ही संघांची नावे म्हणजे त्या शहराच्या पेठाच होत.

मराठी वाचकाला याची कल्पना कोल्हापूरच्या फुटबॉलवरून येऊ शकेल. पाटाकडील तालीम असो वा शिवाजी तरुण मंडळ, तेथे संघ हा पेठेचा असतो आणि पाठिंबा वारशाने मिळतो. छत्रपती शाहू स्टेडियममधील सामना हा दोन पेठांच्या प्रतिष्ठेचा प्रश्न असतो. सिडनीतही नेमके असेच होते. १९९९ च्या हंगामानंतर संघांची संख्या घटविण्याच्या निर्णयात साउथ सिडनीला लीगमधून वगळण्यात आले, तेव्हा हजारो चाहते सिडनीच्या रस्त्यांवर उतरले. न्यायालयीन लढ्यानंतर २००२ मध्ये हा संघ परतला. व्यवसायाच्या ताळेबंदात न बसणारा संघ चाहत्यांनी परत आणला, अशी उदाहरणे क्रीडाविश्वात विरळ आहेत.

मजुरीच्या प्रश्नावरून जन्मलेल्या याच खेळाच्या तिजोरीत पुढे कामगार वस्त्यांतून पैजेचा पैसा येऊ लागला. न्यू साउथ वेल्स राज्याने १९५६ मध्ये नोंदणीकृत क्लबांना नाणी टाकून खेळायची जुगारयंत्रे ठेवण्यास कायदेशीर परवानगी दिली. रग्बी संघांशी संलग्न क्लबांच्या इमारती या यंत्रांच्या कमाईवर उभ्या राहिल्या आणि त्याच कमाईतून संघांना पैसा मिळू लागला. आज त्या एका राज्यात अशी ८० हजारांहून अधिक यंत्रे आहेत. संघ जगवायचा तर यंत्रे चालली पाहिजेत, हे समीकरण तेथे अनेक दशके रुळले आहे.

दुसरा टप्पा ऑनलाइन पैजेचा. सामन्यांवर पैज घेणाऱ्या परवानाधारक कंपन्यांनी संबंधित क्रीडा संघटनेशी करार करून तिला शुल्क द्यावे, अशी व्यवस्था ऑस्ट्रेलियात प्रस्थापित झाली. शुल्काची आकारणी पैजेच्या उलाढालीशी वा कंपनीच्या उत्पन्नाशी निगडित असते. सामन्यांची सचोटी राखण्यासाठी यातून निधी व माहिती मिळते, असे समर्थन त्यामागे आहे. व्यवहारात मात्र याचा अर्थ असा होतो की, चाहते जितकी अधिक पैज लावतील, तितके खेळाचे उत्पन्न वाढेल. प्रायोजकत्व आणि प्रक्षेपणातील जाहिराती यांचा पैसा त्याशिवाय वेगळा.

विस्ताराची दिशा

नॅशनल रग्बी लीग ही या खेळाची सर्वोच्च स्पर्धा सध्या वेगाने विस्तारत आहे. २०२७ मध्ये पर्थचा आणि २०२८ मध्ये पापुआ न्यू गिनीचा संघ लीगमध्ये दाखल होणार असल्याचे जाहीर झाले आहे. पापुआ न्यू गिनीच्या संघासाठी ऑस्ट्रेलिया सरकारने दहा वर्षांत ६० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर देण्याची घोषणा डिसेंबर २०२४ मध्ये केली. प्रशांत महासागरातील चीनच्या वाढत्या प्रभावाला शह देण्याचा हेतू त्यामागे असल्याचे मानले जाते.

मार्च २०२४ मध्ये लीगने हंगामाचा प्रारंभ थेट अमेरिकेतील लास वेगास येथे केला. त्या सामन्यांना ४० हजारांहून अधिक प्रेक्षक उपस्थित होते. लास वेगासची निवड केवळ रोषणाईसाठी नव्हती. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्रीडा सट्ट्यावरील केंद्रीय निर्बंध रद्द केल्यापासून तेथे पैजेची प्रचंड बाजारपेठ खुली झाली आहे. तिचा वाटा मिळविण्याची इच्छा ऑस्ट्रेलियन रग्बी लीग आयोगाचे अध्यक्ष पीटर व्हीलँडिस यांनी कधी लपविली नाही. व्हीलँडिस यांनी न्यू साउथ वेल्समधील घोडाशर्यतींच्या नियामक संस्थेचे नेतृत्वही दीर्घकाळ केले आहे. नव्या देशातील प्रेक्षकांना खेळाचे नियम समजण्यापूर्वीच त्यांनी त्यावर पैज लावावी, अशी व्यवसायाची अपेक्षा असेल, तर तो विस्तार नेमका कशाचा, हा प्रश्न उरतोच.

याची सामाजिक किंमत मोठी आहे. ऑस्ट्रेलियन नागरिक कायदेशीर जुगारात दरवर्षी २५ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक रक्कम गमावतात आणि दरडोई नुकसानीत तो देश जगात आघाडीवर मानला जातो. खासदार पेटा मर्फी यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने जून २०२३ मध्ये ३१ शिफारशींचा अहवाल दिला. ऑनलाइन जुगाराच्या जाहिरातींवर तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने पूर्ण बंदी आणावी, ही त्यांतील प्रमुख शिफारस होती. समितीत विविध पक्षांचे सदस्य होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कर्करोगाने मर्फी यांचे निधन झाले. स्वतःहून जुगारापासून दूर राहू इच्छिणाऱ्यांची राष्ट्रीय नोंदवही ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाली आणि क्रेडिट कार्डने ऑनलाइन पैज लावण्यास २०२४ मध्ये मनाई झाली. जाहिरातबंदीच्या शिफारशीवर मात्र सरकारचे पाऊल वर्षानुवर्षे अडखळत राहिले. सट्टा कंपन्या, प्रक्षेपण वाहिन्या आणि क्रीडा संघटना या तिघांचाही तिला विरोध होता. यांपैकी क्रीडा संघटनांचा विरोध सर्वांत प्रभावी ठरतो, कारण त्यांच्यामागे चाहत्यांचे प्रेम उभे असते. ज्या प्रेमाने साउथ सिडनीला वाचविले, त्याच प्रेमाचा आधार घेऊन चाहत्याच्या खिशाला लागलेली गळती बुजविण्यास विरोध केला जातो.

तामिळनाडूची सहा वर्षे

भारताची वाटचाल वेगळ्या मार्गाने झाली आणि तिच्यात तामिळनाडूचा वाटा मोठा आहे. या राज्याने २००३ मध्ये लॉटरीवर बंदी घातली होती. ऑनलाइन रमी आणि पोकर यांत पैसे गमावल्यानंतर झालेल्या आत्महत्यांच्या बातम्यांनी राज्य हादरले, तेव्हा नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने बंदीचा अध्यादेश काढला. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याचा कायदा झाला. परंतु ऑगस्ट २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तो रद्दबातल ठरविला.

न्यायालयाच्या भूमिकेमागे जुना इतिहास आहे. तत्कालीन मुंबई राज्यातील शब्दकोडी स्पर्धांवरून उद्भवलेल्या चमारबागवाला प्रकरणात १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कौशल्याची स्पर्धा आणि जुगार यांत भेद केला. १९६८ मध्ये रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरला. १९९६ मध्ये तामिळनाडूतीलच एका खटल्यात घोड्यांच्या शर्यतीवरील पैजही कौशल्याच्या कक्षेत आली. २०१७ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने ‘ड्रीम११’च्या फँटसी क्रिकेटलाही हेच संरक्षण दिले. खेळात बुद्धी लागते की नशीब, या एकाच प्रश्नावर सारा वाद केंद्रित झाला. खेळणाऱ्याचे नुकसान किती होते, हा प्रश्न बाजूला पडला.

तामिळनाडूने माघार घेतली नाही. जून २०२२ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती के. चंद्रू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिच्या अहवालानंतर ऑक्टोबरमध्ये नवा अध्यादेश आणि पाठोपाठ विधेयक आले. राज्यपाल आर. एन. रवी यांनी मार्च २०२३ मध्ये ते परत पाठविले. विधानसभेने ते पुन्हा मंजूर केले आणि एप्रिलमध्ये त्यांनी संमती दिली. नोव्हेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने कायदा कायम ठेवला, मात्र रमी आणि पोकर यांना नशिबाचे खेळ ठरविणारी अनुसूची रद्द केली. तेव्हा राज्याने बंदीऐवजी नियमनाचा मार्ग धरला. फेब्रुवारी २०२५ च्या विनियमांनुसार अठरा वर्षांखालील व्यक्तींना मनाई, आधारद्वारे ओळख पडताळणी आणि मध्यरात्री १२ ते पहाटे ५ या वेळेत पैशांचे खेळ बंद, अशा अटी आल्या. ३ जून २०२५ रोजी उच्च न्यायालयाने त्या वैध ठरविल्या.

मध्यरात्रीची ही बंदी वरवर किरकोळ दिसते, परंतु तिच्यात जाण आहे. हरलेला माणूस हरलेले परत मिळविण्यासाठी रात्री एकटाच बसतो, घर झोपलेले असते आणि थांबविणारे कोणी नसते. कौशल्य की नशीब या वादात न अडकता खेळणाऱ्याच्या दुर्बल क्षणाकडे कायद्याने पाहिले, हे या विनियमांचे वैशिष्ट्य होय.

एका रात्रीत कोरी झालेली जर्सी

अवघ्या अकरा आठवड्यांनी केंद्राने सर्वच चित्र बदलले. ऑनलाइन खेळांचे संवर्धन व नियमन करणारे विधेयक २० ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत व दुसऱ्या दिवशी राज्यसभेत मंजूर झाले. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळला जाणारा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, तो पुरविण्यास मनाई झाली. पुरविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व ५० लाख रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. खेळणाऱ्याला गुन्हेगार ठरविलेले नाही. अशा खेळांचा फटका बसलेल्यांची संख्या ४५ कोटी आणि त्यांचे नुकसान २० हजार कोटी रुपयांहून अधिक असल्याचा केंद्राचा अंदाज होता. ऑक्टोबर २०२३ पासून या खेळांतील ठेवींच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू होता. म्हणजे सरकारही या उलाढालीचे लाभार्थी होते आणि त्या उत्पन्नावर पाणी सोडूनच हा निर्णय घेण्यात आला.

क्रिकेटवर याचा परिणाम तत्काळ दिसला. ‘ड्रीम११’ने २०२३ मध्ये तीन वर्षांसाठी ३५८ कोटी रुपयांना भारतीय संघाच्या जर्सीचे प्रायोजकत्व घेतले होते. तो करार संपुष्टात आला आणि सप्टेंबरमधील आशिया चषकात भारतीय संघ प्रायोजकाच्या नावाविना मैदानात उतरला. त्याच महिन्यात ‘अपोलो टायर्स’ने ती जागा घेतली. प्रसिद्ध झालेल्या वृत्तांनुसार मार्च २०२८ पर्यंतच्या या कराराचे मूल्य सुमारे ५७९ कोटी रुपये आहे.

असे पूर्वीही घडले आहे. १९९६ ची विश्वचषक स्पर्धा ‘विल्स’ या सिगारेटच्या नावाने खेळली गेली होती. २००१ मध्ये आयटीसी कंपनीने क्रीडा प्रायोजकत्वातून अंग काढून घेतले, २००३ मध्ये तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा आला आणि भारतीय क्रिकेट त्यानंतरच अधिक श्रीमंत झाले. ऑस्ट्रेलियातही रग्बी लीगचा चषक १९८२ ते १९९५ या काळात ‘विनफिल्ड’ या सिगारेटच्या नावाने दिला जात असे. तंबाखूचा पैसा गेल्यावरही तेथील खेळ टिकला. घातक उत्पादनाच्या जाहिरातीवाचून खेळ जगणार नाही, हा युक्तिवाद दोन्ही देशांत एकदा खोटा ठरलेला आहे.

भारतात ही बंदी तीन दिवसांत येऊ शकली आणि ऑस्ट्रेलियात जाहिरातींपुरती मर्यादित शिफारसही रखडली, याचे एक प्रमुख कारण अर्थरचनेत आहे. भारतीय क्रिकेटसाठी फँटसी कंपनी ही जर्सीवरची भाडेकरू होती. तिने जागा सोडली, दुसरा भाडेकरू आला. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या काळातील प्रक्षेपण हक्कांचे मूल्यच ४८,३९० कोटी रुपये आहे. क्रिकेट मंडळाचे उत्पन्न प्रत्येक पैजेच्या हिश्शावर अवलंबून नव्हते. ऑस्ट्रेलियात मात्र सट्टा कंपनी आणि क्रीडा संघटना एकाच घराच्या भागीदार झाल्या आहेत. भाडेकरूला निरोप देता येतो, पण भागीदाराला काढायचे तर घराचीच वाटणी करावी लागते.

आक्षेप आणि वास्तव

बंदीच्या विरोधातील आक्षेप गंभीर आहेत आणि त्यांची दखल घ्यावी लागेल. कर भरणाऱ्या देशी कंपन्या बंद झाल्या, अनेकांचे रोजगार गेले आणि परदेशी सर्व्हरवरून चालणाऱ्या बेकायदा सट्टा अॅपना मोकळे रान मिळेल, असे उद्योगाचे म्हणणे आहे. यातील शेवटचा मुद्दा निराधार नाही. बंदीने मागणी संपत नाही, याचा दाखला मुंबईत आहे. जुगारविरोधी कायदा १८८७ पासून असूनही मटक्याने या शहरात अनेक दशके राज्य केले. प्रौढ व्यक्तीने स्वतःच्या पैशाचे काय करावे, हे राज्याने किती ठरवावे, हा तात्त्विक प्रश्नही उरतो.

चेन्नईचाच अनुभव याला जोडून पाहावा लागेल. २०१३ च्या आयपीएल सट्टेबाजी प्रकरणात चेन्नई सुपर किंग्जचे पदाधिकारी गुरुनाथ मय्यप्पन दोषी आढळले. जुलै २०१५ मध्ये लोढा समितीने चेन्नई आणि राजस्थान या संघांवर दोन वर्षांची बंदी घातली. सट्टा तेव्हाही बेकायदाच होता. चाहत्यांना मात्र आपला संघ दोन वर्षे गमवावा लागला. २०१८ मध्ये पुण्याला निघालेल्या त्या रेल्वेतील जल्लोषात या विरहाचाही अंश होता. लहान लीग तर अधिकच असुरक्षित असतात. २०१९ मध्ये तामिळनाडू प्रीमियर लीगमधील काही खेळाडूंशी अनोळखी व्यक्तींनी संपर्क साधल्याच्या तक्रारींची चौकशी क्रिकेट मंडळाच्या भ्रष्टाचारविरोधी पथकाने केली होती.

त्यामुळेच लोढा समितीने आपल्या २०१६ च्या अहवालात, खेळाडू व पदाधिकारी यांना दूर ठेवून सट्टा कायदेशीर करण्याची शिफारस केली. विधी आयोगानेही जुलै २०१८ च्या अहवालात, पूर्ण बंदी शक्य नसेल तर कडक नियमन करावे, असा पर्याय मांडला. सर्वोच्च न्यायालयाने उद्या २०२५ चा कायदा सौम्य केला वा एखाद्या सरकारने धोरण बदलले, तर हेच अहवाल पुन्हा टेबलावर येतील. तेव्हा क्रीडा संघटनाही आपला वाटा मागण्यासाठी रांगेत उभ्या राहतील आणि ऑस्ट्रेलियाचा दाखला देतील. सचोटीसाठी निधी हवा, लहान खेळांना पैसा हवा, हे युक्तिवाद तयारच आहेत.

त्यांतील खरा भाग मान्य करूनही वेगळी रचना शक्य आहे. संशयास्पद पैजेची माहिती क्रीडा संघटनेला देणे परवान्याची सक्तीची अट करता येते; त्यासाठी उलाढालीतील हिस्सा देण्याची गरज नाही. सचोटी पथकाचा खर्च ठरावीक रकमेतून, संघटनेच्या तिजोरीबाहेरील स्वतंत्र निधीतून भागविता येतो. पैज वाढल्याने ज्याचे उत्पन्न वाढते, त्याच्याच हाती पैजेवर लक्ष ठेवण्याचे काम देऊ नये, एवढे साधे तत्त्व यात आहे. ऑगस्ट २०२५ मध्येच संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत केला असून क्रीडा महासंघांच्या मान्यतेसाठी राष्ट्रीय क्रीडा मंडळाची तरतूद त्यात आहे. सट्ट्याच्या उलाढालीत हिस्सा न घेणे ही मान्यतेची अट करता येऊ शकते. बंदी टिको अथवा न टिको, ही अट दोन्ही परिस्थितींत उपयोगी ठरेल.

त्या अटीची सर्वाधिक गरज क्रिकेटबाहेरील खेळांना भासेल. जर्सीवरील एक नाव गेले तर क्रिकेट मंडळाला दुसरे लगेच मिळते. कबड्डी, खो-खो वा राज्यस्तरीय लीग यांना ते सहज मिळत नाही. पैशाची चणचण असलेल्या खेळाला पैजेतील भागीदारी हा सोपा मार्ग वाटतो. रग्बी लीगच्या क्लबांनाही १९५६ मध्ये तो सोपाच वाटला होता. सात दशकांनंतर त्यातून बाहेर पडण्याची वाट त्यांना सापडलेली नाही.

कुंभकोणमच्या चाहत्याकडे स्वतःच्या शहराचा संघ नाही आणि मैदान दूर आहे. त्याच्याकडे आहे ती निष्ठा, आणि तिच्याच जोरावर प्रक्षेपण हक्कांचे हजारो कोटी उभे राहतात. तिकीट, जर्सी आणि वाहिनीची वर्गणी या रूपाने तो खेळाला आपला वाटा आधीच देत असतो. त्याच्या संघाने त्याच्या पराभूत पैजेतून आणखी कमाई करावी का, याचे उत्तर न्यायालयाच्या निकालाची वाट न पाहता क्रीडा संघटना आजच देऊ शकतात.